आजचे चिंतन : उशिरा धरलेला नेम (गीता, अध्याय ६, श्लोक १७)



सहावा अध्याय चालू आहे. काल सोळावा श्लोक पाहिला, आज सतरावा. भगवंत अर्जुनाला सांगतात की ज्याचं खाणं-फिरणं मापात आहे, कामातली धडपड मापात आहे, झोपणं आणि जागणं मापात आहे, त्याचं दुःख योग दूर करतो. बस, एवढंच. गुहा नाही, हिमालय नाही, घरदार सोडणं नाही. अकरावा ते पंधरावा वाचताना आपल्याला वाटत असतं की हे आपल्यासाठी नाहीच, आसन, मान सरळ, दृष्टी नाकाच्या शेंड्यावर वगैरे. आणि मग अचानक देव विचारतात, जेवलास किती? झोपलास किती?

खरं सांगायचं तर या श्लोकावर मी माझ्याबद्दल लिहिणार होतो. रात्री दोनपर्यंत लॅपटॉप, दिवसाला पाच कॉफ्या, पाठीचं दुखणं, सगळा मसाला तयार होता. पण गेल्या पंधरवड्यात घरात एक गोष्ट घडली आणि श्लोक माझ्यावरून सरकून अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर जाऊन बसला. तेव्हा आजचा प्रश्न असा : हा श्लोक किती वयापर्यंत लागू होतो? आणि ज्या माणसाने आधीची चाळीस वर्षं मापाबाहेर काढली, ज्याची किंमत त्याने नव्हे तर इतरांनी मोजली, त्याला हा श्लोक असा सहज उचलता येतो का?

अण्णा पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. तीन पाळ्या. सेकंड शिफ्ट सुटली की साडेबाराला घरी यायला हवे, ते तीनला यायचे, कारण मध्ये पत्त्यांचा अड्डा लागायचा. तंबाखू तर हाताला चिकटलेलीच. दारू फार नव्हती हे आई आवर्जून सांगते, जणू तेवढी सवलत त्यांनी आम्हाला दिली होती. राग मात्र होता. भाजीत मीठ जास्त पडलं तर ताट भिंतीपर्यंत जायचं. माझ्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या दिवशी ते रात्रभर खेळून झोपले होते. कॉलेजात सही करायला मामा आला. आणि फीसाठी आईने ज्या पाटल्या मोडायच्या ठरवल्या होत्या त्या आधीच कुठेतरी गेलेल्या निघाल्या. त्या पाटल्यांचं आमच्या घरात आजही कुणी बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी, चौसष्टाव्या वर्षी, त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी जे सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं. घरी आल्यावर आठव्या दिवशी त्यांनी तंबाखूची डबी आईच्या हातात दिली. फेकली वगैरे नाही, दिली. ती अजून आईच्या कपाटात आहे, मी पाहिली आहे. मग पार्किंगमध्ये दहा मिनिटं चालणं सुरू झालं. मग सोसायटीच्या गेटपर्यंत, मग रस्त्याच्या टोकापर्यंत आणि आता रोज पहाटे चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधीपर्यंत, पवनेच्या काठाकाठाने, आणि परत. पाचला उठायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, चालून यायचं, आंघोळ, हरिपाठ, मग ज्ञानेश्वरीच्या रोज दहा ओव्या. नुसत्या वाचत नाहीत, वहीत उतरवतात, कारण वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणतात. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. रोज दहा धरल्या तर नऊशे दिवस, म्हणजे एकही खाडा न करता अडीच वर्षं. हा हिशेब मी इंजिनीअरच्या सवयीने त्यांना सांगितला होता. ते म्हणाले, "मग काय, दुसरं काय काम आहे?" सध्या तेराव्या अध्यायात आहेत. ग्रंथ सांगून झाला तेव्हा माउली परंपरेप्रमाणे पंधरा-सोळा वर्षांचे, साल १२९०, आणि पहाटे चष्मा पुसत तो उतरवून घेणारा सहासष्टचा. मला हे फार आवडतं, जरी त्या काळात मी हे त्यांना कधी बोललो नव्हतो.

आणखी एक. दुपारी ते हत्यारांची जुनी पिशवी काढतात. सोसायटीत कुणाचा कुकर वाफ धरत नाही, कुणाचा नळ गळतो, कुणाच्या मिक्सरचं भांडं अडकतं. पैसे घेत नाहीत, चहा घेतात, बिनसाखरेचा. श्लोकात आहार आणि झोप यांच्या मध्ये कर्मातली धडपडही येते, हे आपण विसरतो. निवृत्त माणसाला आपण सांगतो की आता आराम करा, फिरा, देवाचं करा. हाताला काम हवं हे कुणी सांगत नाही. मापात काम म्हणजे कमी काम असंच नाही. ज्याच्याकडे शून्य काम आहे त्याचंही माप चुकलेलंच असतं.

तर असा हा नेम. ऐकायला छान वाटतो ना? नातेवाईकांना फार छान वाटतो. लग्नकार्यात लोक मला सांगतात, "काय बदलले रे अण्णा! आदर्श आहे." मी हसतो. आणि आतून मला काय वाटायचं ते लिहायला आज जरा जड जातंय. मला राग यायचा.

मागच्या महिन्यात एका रिलीजनंतर सिस्टम कोलमडली आणि मी पहाटे साडेतीनला आडवा झालो. पाचला स्वयंपाकघरात तांब्याचा तांब्या ओट्यावरून खाली पडला. त्या वेळी तो आवाज काय येतो हे ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत. मी बाहेर आलो. अण्णा वाकून पाणी पुसत होते. मी म्हणालो, "आता हे सगळं कशाला अण्णा? आम्हाला गरज होती तेव्हा कुठे होती ही शिस्त?"

ते काही बोलले नाहीत. पुसून झालं, फडकं पिळून वाळत घातलं, आणि लाइट बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे आवाज यायचा बंद झाला. ना तांब्या, ना दाराची कडी. मला वाटलं, संपला नेम. आणि मंडळी, मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट कुठेतरी एक बारीकसं समाधान झालं, की बघा, टिकणार नव्हतंच. दोन वर्षं कौतुक करणाऱ्यांसमोर मी जे मनात म्हणत होतो ते खरं ठरलं. रोज सकाळी पारायण करणाऱ्या आणि तुम्हाला चिंतन लिहून पाठवणाऱ्या माणसाच्या मनात हे होतं.

मधे थोडं विषयांतर करतो. सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं आपण सगळेच ऐकतो. ते आलं मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून. पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान इतके दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लोकांनी 'किमान' काढून टाकलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर खरोखर मोजून पाहिलं, तर सरासरी ६६ दिवस निघाले, आणि कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक. त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसं काही बिघडत नाही. आपल्याकडे खाडा पडला की माणूस नेमच सोडतो. मीही ॲपवरची साखळी तुटली म्हणून ध्यान सोडलं होतं, तेही दोनदा.

आणि याच अध्यायात पुढे अर्जुन नेमका हाच प्रश्न विचारणार आहे. श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, मधेच घसरला, अशा माणसाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही असा विरून जातो का? भगवंत 'बाबा रे' म्हणावं तशा मायेने सांगतात की चांगलं करणाऱ्याची कधीच दुर्गती होत नाही. जिथे सोडलं तिथून पुढे सुरू होतं, हवं तर पुढच्या जन्मी. दुसऱ्या अध्यायातही हेच आलं होतं, की या वाटेवर सुरुवात केलेलं वाया जात नाही. म्हणजे सहासष्टाव्या वर्षी सुरू केलेलं अठराव्या अध्यायापर्यंत पोचलं नाही तरी देवाच्या हिशेबात ते बुडीत खातं नाही. उशीर ही आपली चिंता आहे, त्याची नाही.

वयाचं म्हणाल तर त्याचंही माप वेगळं असतं. नव्वदीच्या उंबरठ्यावर मॅरेथॉन धावायला लागलेल्या फौजा सिंगांचा फोटो अण्णांना रोज कुणीतरी पाठवतं. थोर माणूस, पण गुडघा दुखणाऱ्या फिटरला त्याचा काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल असं चालणं. आणि पासष्टीच्या पुढे त्याबरोबर तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही. अण्णा एका पायावर उभं राहून मोजे घालायचा प्रयत्न करतात, कपाटाला एक बोट टेकवून. आधी मला ते हास्यास्पद वाटायचं. ते त्यांचं 'युक्त' आहे. तिशीतल्याचं वेगळं, आजाऱ्याचं वेगळं.

आता मूळ मुद्द्याकडे. तो मुद्दा मला सापडला एका अनपेक्षित माणसात. धृतराष्ट्रात.

गीतेचा पहिला शब्द त्याच्या तोंडचा आहे. संपूर्ण गीता संजय त्यालाच सांगतो आहे. भीष्म पडल्याची बातमी घेऊन संजय दहाव्या दिवशी रणांगणावरून येतो आणि मग पहिल्यापासून सांगायला लागतो. म्हणजे हा 'मापात खा, मापात झोप'वाला श्लोकही या आंधळ्या राजाने ऐकला. आणि काय झालं? काहीच नाही. तो पुढचं युद्ध विचारत राहिला.

हा तोच, ज्याने वारणावताला पाठवायला होकार भरला. हा तोच, जो द्यूतसभेत एकेक डाव पडत असताना आणि द्रौपदी पणाला लागली असतानाही, जिंकलं का, जिंकलं का, असं पुन्हापुन्हा विचारत होता. (ज्यांच्या घरी पत्त्यांचा अड्डा माहीत आहे त्यांना हा स्वर ओळखीचा वाटेल.) युद्धानंतर भीमाला मिठी मारायच्या निमित्ताने त्याने लोखंडी पुतळा चुरडला. अशा माणसाच्या म्हातारपणाशी मला काय देणंघेणं, म्हणून मी आश्रमवासिक पर्व कधी नीट वाचलंच नव्हतं. सतराव्या श्लोकावर काहीतरी शोधताना ते उघडलं.

तिथे असं आहे. युद्धानंतर पंधरा वर्षं धृतराष्ट्र युधिष्ठिराच्या राज्यात राहतो. युधिष्ठिर त्याला काही कमी पडू देत नाही, सगळ्यांना ताकीद आहे की काकांचं मन दुखवायचं नाही. फक्त भीम विसरत नाही. तो काकांना ऐकू जाईल अशा बेताने दंड थोपटून म्हणतो की या आंधळ्याच्या पोरांना ज्यांनी यमसदनी धाडलं ते हेच हात. धृतराष्ट्र ऐकून घेतो.

आणि मग एक दिवस तो आपल्या जवळच्या माणसांसमोर बोलतो. सांगतो की कुरुकुळाचा नाश माझ्यामुळे झाला. विदुराचं, भीष्मांचं, कृष्णाचं मी ऐकलं नाही. आणि मग सांगतो की सध्या मी कधी चौथ्या वेळेला, कधी आठव्या वेळेला, थोडंसं खातो, तहान भागण्यापुरतं. जमिनीवर झोपतो. जप करतो. हे फक्त गांधारीला माहीत आहे. बाकी सगळ्यांना वाटतं की राजा पूर्वीसारखंच जेवतो. युधिष्ठिराला दुःख होईल या भीतीने मी हे लपवलं.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं.

नेम लपवायचा असतो हे आपण संतांकडून ऐकतो, अहंकार नको म्हणून. इथे कारण निराळं आहे. म्हातारा माणूस चांगलं काही करायला लागला आहे आणि ज्यांच्या घरात राहतो त्यांना ते कळू नये म्हणून जपतो आहे.

अर्थात हे चौथ्या-आठव्या वेळेचं जेवण काही 'युक्त' नाही. कालच्या श्लोकात अजिबात न खाणाऱ्यालाही योग नाही म्हटलंय. धृतराष्ट्र इकडच्या टोकावरून तिकडच्या टोकावर गेला. वनात जायची परवानगी मागता मागता त्याला गांधारीच्या अंगावर भोवळ येते, इतका तो खंगलाय. युधिष्ठिर हबकतो, ज्याच्या राज्यात काका उपाशी झोपतात आणि आपल्याला पत्ता नाही, असं म्हणून स्वतःला दोष देतो. मग गार पाण्याने ओला केलेला हात त्याच्या छातीवरून, तोंडावरून फिरवतो. म्हातारा शुद्धीवर येतो आणि म्हणतो, पुन्हा हात लाव. तुझ्या हाताने जीव आल्यासारखं वाटतं.

मी भीमाची बाजू सोडलेली नाही, हे स्पष्ट सांगतो. भीम खोटं बोलत नव्हता. द्रौपदीच्या बाबतीत जे झालं ते झालं, लाक्षागृह झालं. धृतराष्ट्र आठव्या वेळेला जेवला म्हणून त्यातलं काही पुसलं जात नाही. पुढे तो प्रजेला बोलावून तिच्यापुढे हात जोडतो, माफी मागतो, मुलांची श्राद्धं करतो (त्यासाठी लागणाऱ्या पैशालाही भीम विरोध करतो, अर्जुन त्याला समजावतो), आणि मग वनात जातो. म्हणजे नेम वेगळा आणि जुनं देणं वेगळं, हे त्यालाही समजलेलं दिसतं. नेम केला की देणं फिटलं असं त्याने कुठे म्हटलेलं नाही.

घोटाळा माझ्याकडून होत होता. अण्णांचं पाचला उठणं म्हणजे माझ्या बालपणाची भरपाई, असं मी धरून चाललो होतो, आणि भरपाई म्हणून ती रक्कम फारच तुटपुंजी होती, म्हणून मी रोज ती परत पाठवत होतो. पण त्या पाकिटावर माझं नाव नव्हतंच. त्यांचं हृदय, त्यांचे उरलेले दिवस, त्यांचा देव. ते त्यांनी तांब्या पाडून बंद करावं आणि मग त्या पाटल्या परत याव्यात, असं थोडंच आहे? त्यांनी पुन्हा तंबाखू धरली असती तर माझा कोणता हिशेब जुळला असता? कामावरही आम्ही वीस वर्षांचं जुनं कोड वारसाने घेतो. आधीच्यांनी काय करून ठेवलंय म्हणून शिव्या घालतो, ते ठीकच आहे. पण आज कुणी त्यात एक ओळ नीट करत असेल तर त्याला कुणी हात धरून थांबवत नाही.

आणि भीतीने केलं तर? हा माझा दुसरा आक्षेप होता. डॉक्टरांनी घाबरवलं म्हणून देव आठवला, यात कसलं पुण्य? पण सातव्या अध्यायात जाल तर भगवंत चार प्रकारचे भक्त सांगतात आणि त्यात दुखण्याखुपण्याने, संकटाने आलेला 'आर्त' सगळ्यात आधी मोजतात. ज्ञानी त्यांना सर्वांत जवळचा, हे खरं. पण चौघांनाही ते उदारच म्हणतात. दारात कशामुळे आलास हे तिथे विचारत नाहीत. आणि आठव्यात सांगतात की शेवटच्या घटकेला जे आठवेल तिकडे माणूस जातो, आणि ते आठवतं कशामुळे तर आयुष्यभर त्यातच मुरल्यामुळे. सहासष्टच्या माणसाकडे आयुष्यभर उरलेलं नसतं. जे आहे त्यात मुरायचं तर पाचला उठावंच लागणार. तरुणपणी नेम हा छंद असू शकतो. म्हातारपणी त्याला घाई असते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णांनी चालणं सोडलं वाटतं?"

"कुणी सांगितलं?"

"पहाटे आवाज नाही येत."

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "येऊ नये म्हणूनच. रात्रीच पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवतात. लाइट लावत नाहीत. परवा अंधारात सदरा उलटा घातला, तसेच गणपतीपर्यंत जाऊन आले."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगितलं होतं, त्याला कळू देऊ नकोस. झोप मोडते त्याची."

गांधारीला माहीत होतं. मी इतके दिवस स्वतःला भीम समजत होतो, ज्याचा राग रास्त आहे. ज्याच्या भीतीने म्हातारा माणूस लपूनछपून नेम करतो ती जागाही आपलीच आहे, हे लक्षात आलं नव्हतं. फरक इतकाच की युधिष्ठिराला कळल्यावर तो आधी स्वतःवर चिडला.

मी गप्प बसलेला बघून आई पुढे म्हणाली, "आणि काय रे, तुमचं ते चाललंय अण्णा उठतात, अण्णा उठतात. लग्न झाल्यापासून मी पाचला उठते. माझ्यावर नाही कुणी लिहिलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नवी सुरुवात कुणाची दिसते? ज्याने आधी काही केलेलं नसतं त्याची. जिचा नेम कधी सुटलाच नाही, जिच्या नेमावर बाकीच्यांची बेशिस्त उभी होती, तिला आदर्श म्हणायला लग्नात कुणी पुढे येत नाही. आईने हे हसत सांगितलं, पण तांदळातला खडा जरा जोरातच फेकला. श्लोकातलं झोपणं-जागणं मापात असणं तिला कुणी कधी करू दिलं का, यावर एकदा वेगळं लिहायला हवं. तिला विचारून लिहीन.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचचा गजर लावला. स्वयंपाकघराचा लाइट लावला आणि तांब्या भरून ओट्यावर, भिंतीला टेकवून आतल्या बाजूला ठेवला. थोड्या वेळाने अण्णा भिंतीला हात लावत लावत आले आणि उजेड बघून दारातच थांबले.

"झोपला नाहीस का?"

"झोपलो होतो. तुमचा सदरा बघायला उठलो, सुलटा आहे का ते."

त्यांनी खाली बघितलं. सुलटा होता. मग उभ्याने नाही, नेहमीप्रमाणे पाटावर बसून पाणी प्यायले, तांब्या धुऊन पालथा घातला. मी माफी मागितली नाही आणि त्यांनीही नाही. पाटल्यांचं बोलणं आमच्यात अजून व्हायचं आहे. दार लावून घेताना मी विचारलं, "आज किती ओव्या?"

"दहाच," ते म्हणाले. "काल आठच झाल्या. डोळे चुरचुरत होते."

ते गेल्यावर मी लाइट तसाच राहू दिला आणि परत जाऊन झोपलो. साडेनऊला मीटिंग होती.

उद्या अठरावा श्लोक पाहू.

राम कृष्ण हरि.